न जोडलेली तार

“फादर, चूक आणि पाप यांत नेमका फरक काय?” हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या मुलाने विचारला, तर उत्तर आम्हा धर्मगुरूंच्या जिभेवर तयार असते. विषय गंभीर हवा, पूर्ण जाणीव हवी, पूर्ण संमती हवी; या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय गंभीर पाप घडत नाही, असे सांगून आपण फळ्यावर तीन शब्द लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु गेल्या वर्षी, पावसाळा सरत आला असताना, हाच प्रश्न आमच्या गायनवृंदातील एका बावीस वर्षांच्या तरुणाने सॅक्रिस्टीच्या पायरीवर बसून मला विचारला, तेव्हा ते तीन शब्द मला पुरेनात.

हे संभाषण पापनिवेदनातील नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. तसे असते तर ते माझ्याबरोबरच थडग्यात गेले असते. ते चहाचे कप हातात घेऊन उघड्यावर झाले, आणि मी ते लिहावे अशी त्या तरुणाचीच इच्छा आहे. नाव तेवढे गाळायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले.

त्याचे मामा आखातात नोकरीला आहेत. ते सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी भाच्यासाठी गिटारच्या अँप्लिफायरचे एक अमेरिकन किट आणले. किट म्हणजे तयार यंत्र नव्हे. रिकामी लोखंडी पेटी, दोन ट्रान्सफॉर्मर, तीन व्हॉल्व्ह, एक स्पीकर, मूठभर रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, कपॅसिटर, तारांची भेंडोळी आणि एक पुस्तिका, एवढाच ऐवज. फेंडर कंपनीने १९५० च्या दशकात ‘चॅम्प’ नावाचा लहानसा अँप्लिफायर काढला होता. त्याच धर्तीची ही रचना. ताकद जेमतेम पाच वॉट. आजच्या काळात कोणी व्हॉल्व्ह कशाला वापरतो, असे मी विचारले, तेव्हा त्याने मला एक तार छेडून दाखवली. आमच्या लहानपणी घरातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून लतादीदींचा आवाज जसा ऊबदार होऊन येत असे, तशी काहीशी ती ऊब होती. मी अधिक काही विचारले नाही.

अशा किटमधील पुस्तिकांची परंपरा मोठी आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर या गावी हीथ नावाची कंपनी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेले सुटे भाग वापरून तिने १९४७ साली ऑसिलोस्कोपचे किट बाजारात आणले. पुढे १९९२ साली तिने किट बनवणे थांबवले; पण मधल्या साडेचार दशकांत रेडिओ, मोजमापाची उपकरणे, दूरदर्शन संच, गिटारचे अँप्लिफायर अशी नाना यंत्रे सामान्य माणसांनी तिच्या पुस्तिका वाचून स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडली. त्या तरुणाने तिच्या काही जुन्या पुस्तिकांची पाने छापून काढली होती. ती त्याने मला वाचायला दिली, आणि सेमिनरीत लागलेल्या सवयीने मी ती आध्यात्मिक वाचनासारखीच वाचली, हे कबूल करतो.

प्रत्येक पायरीच्या आरंभी एक रिकामा कंस असतो. ती पायरी पुरी झाली की त्या कंसात खूण करायची. एखाद्या टोकाला तार नुसती अडकवून ठेवायची असेल, तर तिथे ‘अजून सोल्डर करू नका’ अशा अर्थाची खूण छापलेली असते. कारण त्याच टोकाला आणखी एखादी तार यायची असते. ती आली की ‘आता सोल्डर करा’ अशी दुसरी खूण येते आणि तिच्याशेजारी आकडा असतो. त्या टोकाला दोन तारा असायला हव्यात तर दोन, तीन हव्यात तर तीन. आकडा जुळला नाही तर मागे कुठेतरी एक तार राहून गेली, हे जोडणाऱ्याला तिथल्या तिथे कळावे. दुरुस्तीसाठी कंपनीकडे परत येणाऱ्या किटांपैकी सुमारे ९० टक्के कच्च्या जोडांमुळे आणि सदोष सोल्डरिंगमुळे बंद पडलेली असतात, असेही त्या पुस्तिका सांगत. भाग क्वचितच वाईट निघतात. वाईट असते ते आपले जोडणे.

आमच्या तरुणाने काळजी घेतली नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याने पुस्तिका आधी अथपासून इतिपर्यंत दोनदा वाचली. रेझिस्टरवरचे तपकिरी, तांबडे आणि नारिंगी पट्टे ट्यूबलाइटच्या उजेडात एकसारखेच दिसतात, म्हणून त्याने प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजला आणि कागदाच्या चिठ्ठीवर किंमत लिहून त्यात टोचून ठेवला. काही कपॅसिटरना धन व ऋण अशी बाजू असते आणि ते उलटे लागले तर तापून फुटतात, म्हणून त्यांच्या धन टोकांना त्याने लाल रंग लावला. व्हॉल्व्हच्या बैठकीतील पिना खालून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायच्या आणि वरून पाहताना उलट, हा घोटाळा पुष्कळांना भोवतो. त्याने बैठकीच्या खाली पेन्सिलीने आकडेच लिहून टाकले. सगळ्यांत कठीण होते ते रंगांचे प्रकरण. आपल्याकडे घराच्या जुन्या वायरिंगमध्ये फेज तांबडी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी. अमेरिकेत काळी तार म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. एकाच काळ्या तारेला हात लावून इथला माणूस निर्धास्त होतो आणि तिथला माणूस दचकतो. शिवाय तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३० चा; ट्रान्सफॉर्मरच्या चुकीच्या तारा जोडल्या तर पहिल्याच बटणाला धूर. या बाबतीत त्याने स्वतःच्या तर्कावर विसंबून न राहता विचारणा केली, खात्री करून घेतली आणि मगच सोल्डरिंग आयर्न हातात घेतले.

जोडणी सव्वीस दिवस चालली. पेटी चालू असताना आत सुमारे साडेतीनशे व्होल्टची वीज खेळते, आणि प्लग काढून घेतल्यावरही कपॅसिटरमध्ये ती दबा धरून राहू शकते, हे त्याच्या आईला कोणीतरी सांगितले होते. ती माउली तेवढे दिवस रोजरीचे पाच गूढ त्याच्याच नावाने म्हणत होती.

शेवटच्या रात्री त्याने जुन्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्यांची युक्ती वापरली. शंभर वॉटचा एक पिवळा दिवा वाटेत सिरीजमध्ये जोडला आणि त्यातून पेटीला वीज दिली. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते; सारे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. दिवा मंदावला. व्हॉल्व्हच्या पोटात निखारे दिसू लागले. पहाटे दोन वाजता त्याने गिटार जोडून पहिली तार छेडली, आणि शेजाऱ्यांनी खिडक्या आपटल्या.

त्यानंतर सहा आठवडे तो अँप्लिफायर आमच्या मंदिरात वाजला. प्रत्येक रविवारी, एका कुरकुरीशिवाय.

सप्टेंबरच्या ८ तारखेला पवित्र मरियेचा जन्मोत्सव असतो. त्याच्या आदल्या आठवड्यात सराव चालू होता. बाहेर धो धो पाऊस, फरशी ओलसर, मुले अनवाणी. एक मुलगा हातात गिटार घेऊन गात होता. त्याचे ओठ माइकला लागले आणि तो किंचाळून मागे पडला. ओठाला चटका बसला होता, हात थरथरत होता. याहून अधिक काही झाले नाही. देवाची कृपा. आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध वायरमन, आयुष्यभर गिरणीत काम केलेले, सरावाला नातीला घ्यायला आले होते. त्यांनी खिशातला टेस्टर काढून गिटारच्या तारांना लावला. टेस्टर पेटला. त्यांनी कोणालाही न विचारता मुख्य बटण बंद केले, प्लग काढला, थोडा वेळ थांबून पेटी उघडली आणि आत बोट न घालता पेन्सिलीचे टोक एका जागी टेकवले. “ही बघा फादर. नुसती अडकवलेली आहे.”

ती अर्थिंगची हिरवी तार होती. पेटीला बोल्टने आवळलेल्या छोट्या पट्टीच्या भोकात ती वाकवून घातलेली होती, पण सोल्डर केलेली नव्हती. सहा आठवड्यांच्या कंपनांनी आणि वसईच्या खाऱ्या हवेने ती सैल झाली होती. कधी टेकत असेल, कधी नसेल. पुस्तिका आणून पाहिली. ‘तार अडकवा, सोल्डर करू नका’ या पायरीपुढे खूण होती. त्यानंतर काही पायऱ्या सोडून ‘आता सोल्डर करा’ ही पायरी होती. तिच्यापुढेही खूण होती.

तो तरुण त्या खुणेकडे फार वेळ पाहत राहिला. मग त्याने सांगितले ते असे. त्या रात्री सोल्डरिंग आयर्न गार झाले होते. पुन्हा तापवायला पाच मिनिटे लागली असती. त्या पानावरच्या सात पायऱ्या झाल्या होत्या, ही एकच उरली होती. जेवून आल्यावर करू, असे म्हणून त्याने आठही कंसांत खुणा केल्या आणि पान उलटले.

इथून माझा विषय सुरू होतो.

अर्थिंगची तार ही एक विलक्षण तार आहे. इतर प्रत्येक तार काही ना काही वाहून नेते, आणि ती तुटली तर यंत्र बोलत नाही, गुरगुरते किंवा जळते. अर्थिंगची तार बऱ्या दिवसांत काहीच करत नाही. ती नसली तरी गिटार तितकीच गोड वाजते. ज्या एका दिवशी आतली एखादी तार सुटून पेटीला टेकेल, त्या दिवशी ती वीज गाणाऱ्याच्या शरीरातून न जाता जमिनीत जावी, एवढ्याच एका दिवसासाठी ती असते. म्हणून तो शंभर वॉटचा दिवाही तिच्याविषयी मुका राहिला. जे नको तिथे जोडले गेले आहे ते दिवा दाखवतो. जे हवे तिथे जोडायचे राहून गेले ते तो दाखवत नाही.

हे राहून जाणे किती महाग पडू शकते, याचे दाखले संगीताच्या इतिहासात आहेत. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वॅन्सी येथे लेस हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. १९७६ च्या मे महिन्यात ‘यार्डबर्ड्स’ या गाजलेल्या इंग्रज वाद्यवृंदाचा गायक कीथ रेल्फ आपल्या घरी गिटार वाजवत असताना तसाच गेला. दोघेही तरुण होते. ती तार ज्या कोणाच्या हातून राहिली असेल, त्याला त्या दिवसापर्यंत आपले काम चोख वाटत असणार.

आपण मिस्साबलिदानाच्या आरंभी पापांगीकार करतो. जुन्या लॅटिन प्रार्थनेत विचाराने, शब्दाने व कृतीने घडलेल्या पापांचा उल्लेख होता. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर, १९७० साली प्रसिद्ध झालेल्या मिस्साग्रंथात त्यांच्या पंक्तीत चौथे येऊन बसले: जे करायला हवे होते आणि केले नाही ते. भर एका शब्दाची. पण मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात डाव्या हाताला उभे केलेल्यांवर जे आरोपपत्र ठेवले आहे, त्यात या चौथ्या प्रकाराखेरीज दुसरे काहीही नाही. त्यांनी कोणाला लुबाडल्याचा तिथे उल्लेख नाही. त्यांनी अन्न दिले नाही, पाणी दिले नाही, भेटायला गेले नाहीत. आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता! “प्रभो, केव्हा?” असे ते अगदी प्रामाणिकपणे विचारतात. त्यांचेही यंत्र उत्तम वाजत होते.

पत्ता नसणे ही सबब चालते का? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवताना आमचे प्राध्यापक अज्ञानाचे दोन भाग करत. टाळता न येणारे अज्ञान आणि टाळता येणारे अज्ञान. पहिल्याने माणूस निर्दोष ठरतो, दुसऱ्याने नाही. महासभेच्या १९६५ सालच्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजातही हाच विवेक आहे: सदसद्विवेकबुद्धी नाइलाजाने चुकली तरी तिची प्रतिष्ठा जात नाही, पण जो सत्य शोधण्याची फिकीरच करत नाही आणि ज्याची बुद्धी सवयीने आंधळी होत जाते, त्याला हे लागू होत नाही. काळ्या तारेचा अर्थ अमेरिकेत वेगळा आहे हे ज्याला सांगणारे कोणी नव्हते, त्याचे अज्ञान पहिल्या जातीचे. पहिल्या पानावर ते छापलेले असूनही ज्याने पान उलटले, त्याचे दुसऱ्या. संत थॉमस अक्विनास तर याहून स्पष्ट बोलतात. अनवधानाने कोणाचा मृत्यू घडवणाऱ्या माणसाविषयी लिहिताना ते म्हणतात की, हेतू नव्हता एवढ्याने तो सुटत नाही. घ्यायला हवी होती ती काळजी त्याने घेतली होती का, हे पाहावे लागते.

पण आमच्या तरुणाचे प्रकरण या दोन्ही कप्प्यांत नीट बसत नव्हते, आणि म्हणूनच ते मला छळत राहिले. त्याला अज्ञान नव्हतेच. सोल्डर करायचे आहे हे त्याला ठाऊक होते. आणि जेवून आल्यावर त्याला ते ठाऊक राहिले नाही! मधल्या वेळात काय झाले? एक खूण झाली. ती करताना त्याला ती खोटी आहे हे माहीत होते. अर्ध्या तासाने त्याच खुणेने त्याला सांगितले की काम झाले आहे, आणि त्याने तिच्यावर विश्वास ठेवला. शेवटच्या रात्री त्याने सगळी पाने पुन्हा तपासली होती. त्याने खुणा तपासल्या. तारा तपासल्या नाहीत.

मी त्याला म्हटले, “अरे, सोल्डर राहिले ही तुझी चूक. थकलेल्या माणसाकडून ती होते. पण ती खूण तू दमून केली नाहीस. ती तू स्वतःलाच दिलेली खोटी साक्ष होती.” तो गप्प राहिला. मलाही आपले उत्तर बरे वाटले. धर्मगुरूला आपले उत्तर फार बरे वाटू लागले की त्याने सावध व्हावे, हे मी इतक्या वर्षांत शिकायला हवे होते.

कारण दुसऱ्या दिवशी वायरमन पुन्हा आले. पेटीतली तार त्यांनी त्या तरुणाकडूनच सोल्डर करवून घेतली आणि मग मल्टिमीटरचे एक टोक पेटीला व दुसरे गायनवृंदाच्या बाकाजवळील भिंतीतल्या प्लगच्या तिसऱ्या भोकाला लावले. काटा हलेना. त्यांनी मुख्य बटण बंद करून भिंतीतला बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकाच्या मागे काहीही नव्हते. तार आलीच नव्हती. माइकची यंत्रणा सॅक्रिस्टीतल्या प्लगवर होती. तिथे अर्थिंग होते. म्हणून गाणाऱ्या मुलाचे ओठ जमिनीशी जोडलेले होते आणि बोटे अधांतरी. ट्रान्सफॉर्मरमधून पेटीकडे नेहमीच झिरपणारी थोडीशी वीज त्याच्या देहातून वाट काढत होती.

त्या तरुणाने माझ्याकडे पाहिले. “फादर, म्हणजे मी सोल्डर केले असते, तरी त्याला शॉक बसलाच असता?”

“बसलाच असता,” वायरमन म्हणाले.

“मग माझे पाप राहिले की गेले?”

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपण रोजच्या व्यवहारात माणसाला परिणामांवरून तोलतो. दोन ड्रायव्हर सारखेच पेंगत असतात. एकाच्या वाटेत कोणी येत नाही, दुसऱ्याच्या वाटेत लेकरू येते. एकाला आपण झोपाळू म्हणतो, दुसऱ्याला खुनी. इथे तर गंमत अशी की, मुलाची कसूर खरी, पण तिने घडलेल्या गोष्टीत तसूभरही भर घातली नव्हती. अक्विनासांच्या मते, कृतीतून जे परिणाम स्वाभाविकपणे निघतात ते तिच्या बऱ्यावाइटात भर घालतात; जे केवळ योगायोगाने तिच्या मागून येतात ते घालत नाहीत. या न्यायाने त्या ओठाच्या चटक्याचे ओझे त्याच्या खांद्यावरून उतरते. खुणेचे उतरत नाही. ती खूण केली तेव्हा हा प्लग कसा आहे हे त्याला माहीत नव्हते. त्याच्या दृष्टीने ती तार कोणाच्या तरी जिवावरची होती. मी त्याला तसे सांगितले. त्याने मान डोलावली. आणि मला वाटते, दोष कमी झाल्यापेक्षा आपला दोष नेमका कोणता हे कळल्याचेच त्याला समाधान झाले असावे.

पण मग चटक्याचे ओझे कोणाचे?

त्या रात्री मी कार्यालयातली जुनी फाइल काढली. मंदिराच्या त्या बाजूचे वायरिंग मी या धर्मग्रामात आल्यानंतर दुसऱ्या वर्षी नव्याने करून घेतले होते. ठेकेदाराने बिलाबरोबर कामांची यादी दिली होती. बोर्ड इतके, पंखे इतके, आणि त्यात ‘सर्व प्लगना अर्थिंग’ अशी एक ओळ. यादीच्या खाली ‘काम पाहिले, समाधानकारक आहे’ असे छापलेले, आणि त्याखाली माझी सही. त्या दिवशी मी काय पाहिले होते? दिवे लावून पाहिले. पंखे फिरवून पाहिले. सारे चालत होते. ठेकेदाराला दोष देणे सोपे आहे आणि त्याचा दोष आहेही. परंतु सही माझी होती. त्या मुलाने आठ कंसांत खुणा केल्या, मी एका सहीत सगळा कागद पुरा केला; आणि त्याच्यापुढे निदान थकव्याची व मध्यरात्रीची सबब होती. मी सकाळचा नाष्टा करून सही केली होती. खोट्या साक्षीचा उपदेश मी त्याला कोणत्या तोंडाने केला होता?

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ यांविषयी प्रवचने मी कैक केली आहेत. पण आपल्याला मुसळ का दिसत नाही, याचा विचार मी कमी केला होता. केवळ अहंकाराने दिसत नाही असे नाही. ज्याने तार जोडली तो तपासायला बसला की त्याला समोरची तार दिसत नाही. आपण जोडलेली तार दिसते. चुकीच्या पिनेवर असली तरी ती त्याला बरोबर पिनेवरच दिसते, कारण ती तिथे जोडायची हे त्याने मनाशी ठरवलेले असते. हीथ कंपनीच्या पुस्तिकांत बिघाड शोधण्याच्या प्रकरणात म्हणूनच दोन सूचना असत. एक, आकृतीतील प्रत्येक तार तपासून झाली की ती रंगीत पेन्सिलीने गिरवावी. दुसरी, एखाद्या मित्राला तपासायला सांगावे. यंत्र जोडणाऱ्याच्या नजरेतून वारंवार निसटलेली गोष्ट नवख्याला दिसून जाते. तो मित्र जाणकारच हवा असे नाही, उलट त्या यंत्राशी अपरिचित असणे हाच त्याचा गुण.

पापनिवेदन एकट्याने देवाजवळ का करू नये, धर्मगुरू कशाला हवा, असे तरुण मुले आता उघडपणे विचारतात. संस्काराची क्षमा, ख्रिस्ताने प्रेषितांना दिलेला अधिकार, हे उत्तर आहेच आणि ते पहिले आहे. त्याच्याबरोबर मी आता ही पेटीही सांगतो. एकोणिसाव्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आपल्याला न दिसणाऱ्या अपराधांपासूनही सोडवण्याची याचना करतो. न दिसणाऱ्यांची यादी आपण स्वतः कशी करणार? दुसऱ्या कोणापुढे शब्दांनी बोलावे लागले की, आपण खूण वाचतो आहोत की तार पाहतो आहोत, हे बोलता बोलता उघडे पडते. धर्मगुरूंनाही म्हणूनच पापनिवेदनाला जावे लागते, आणि मी त्या आठवड्यात गेलो.

याच्या दुसऱ्या टोकाचाही धोका आहे, तो सांगून ठेवतो. काही भाविक माणसे तपासणीचे वेड घेतात. तीच तार दहादा ओढून पाहतात, तेच पाप पाच धर्मगुरूंना सांगतात. संत इग्नेशियसना १५२२ साली मान्रेसा येथे या व्याधीने इतके ग्रासले होते की जगणे नकोसे झाले. अशा माणसाचा अँप्लिफायर कधीच वाजत नाही. एकदा नीट पाहा, एकदा दुसऱ्याला दाखवा आणि बटण दाबा.

आमच्याकडे पुढे झाले ते असे. त्या तरुणाने पेटी उघडून टेबलावर ठेवली, पुस्तिकेतील आकृती वायरमनांच्या हाती दिली आणि स्वतः पाठ करून बसला. वायरमन एकेक तार बघून मोठ्याने सांगत, “हिरवी, पट्टीपासून कुठे?” आणि हा न पाहता पुस्तिकेतून उत्तर वाची, जुळले की वायरमनांची नात तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढी. साठ-सत्तर रेघा झाल्या. आणखी एक कच्चा जोड सापडला, तोही ज्याच्याविषयी कोणाला शंका नव्हती असा. मी बाजूला बसून ठेकेदाराची जुनी यादी घेऊन मंदिरातले बोर्ड मोजत होतो. अर्थिंग नसलेले आणखी चार प्लग निघाले, त्यांतला एक लहान मुलांच्या धर्मशिक्षणाच्या खोलीत.

धर्मग्राम समितीपुढे मी ते सहीचे पान ठेवले. थोडी कुजबुज झाली. एका सद्गृहस्थांनी “फादर, इतकी वर्षे काही झाले नाही” असे म्हटले. त्यांच्या बोलण्यात माझ्याविषयीची माया होती, म्हणून मी वाद घातला नाही. खर्च मंजूर झाला. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा ब्रेकर बसला. सॅक्रिस्टीच्या मागे, चिकूच्या झाडापासून थोडे दूर, अर्थिंगचा नवा खड्डा खणला. पत्र्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, वर सिमेंटचे झाकण बसवले. उन्हाळ्यात माती वाळली की त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावे लागते, नाहीतर तार असूनही नसल्यासारखीच. ते काम त्या तरुणाने आपण होऊन घेतले आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने एक कागद चिकटवला आहे. त्यावर तारखा आहेत, आणि प्रत्येक तारखेपुढे दोन कंस. एक त्याच्या खुणेचा, एक वायरमनांच्या नातीच्या.